पाणी कुठून येतंय? ऋतूंप्रमाणे डोंगराचं सामान

डोंगरात जायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला: "थंडी किती असेल?" मग त्या आकड्याच्या हिशोबाने जर्किन, स्वेटर, मोजे यांचा ढीग सॅकमध्ये कोंबला जातो. आकडा लागतोच. दर हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते, त्यावरून पायथ्याच्या तापमानावर माथ्याचा अंदाज बांधता येतो. पण सामान काढताना मी आधी दुसराच प्रश्न विचारतो: या ऋतूत पाणी माझ्या अंगापर्यंत कुठून पोहोचणार आहे? वरून पावसाचं, आतून घामाचं, गवतावरून दवाचं, की रात्री तंबूच्या कापडावर जमलेलं आपल्याच श्वासाचं?

उबदार कपडा म्हणजे शेवटी धाग्यांत अडकवून ठेवलेली हवा. स्थिर हवेच्या मानाने पाणी सुमारे २४ पट सहज उष्णता वाहून नेतं. हवेची जागा पाण्याने घेतली की महागडं जर्किनही ओल्या फडक्याच्या लायकीचं उरतं. म्हणून शून्याखाली कोरडा माणूस निवांत झोपतो आणि ८-१० अंशांत भिजून वाऱ्यात उभा राहिलेला माणूस दातावर दात आपटत असतो.

आधी घाम

पाऊस दिसतो, म्हणून त्याची तयारी सगळे करतात. घामाकडे दुर्लक्ष होतं. पाठीवर ओझं घेऊन खडा चढ चढताना तासाला लिटरभर घाम सहज जातो. हिवाळ्यात भिजणारी बहुतेक माणसं पावसाने भिजत नाहीत, ती चढावर जास्त कपडे घालून भिजतात आणि धारेवर पोहोचून वारा लागला की गारठतात. वाऱ्याचा हिशोब करून बघा: हवा शून्य अंश आणि वारा ताशी ४० किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला ते उणे ७ सारखं लागतं. आत बनियन ओला असेल तर त्याहून वाईट.

यावरचा उपाय फुकट आहे. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. पायथ्याशी उभं असताना अंग अगदी छान उबदार वाटत असेल, तर समजायचं की एक थर जास्त झालाय. दहा-पंधरा मिनिटं चालून झालं की सगळ्यांनी थांबायचं, कपडे कमी करायचे, लेस पुन्हा आवळायच्या. हा थांबा ठरवूनच घ्यावा, नाहीतर "आता पुढच्या वळणावर काढू" म्हणत माणूस तासभर घामाने निथळत चालतो. आणि विसाव्याला बसताना उलट करायचं: थंडी वाजायला लागायच्या आत, बसल्या बसल्या पहिल्याच मिनिटाला जाड जर्किन अंगात. म्हणूनच ते सॅकच्या तळाशी न ठेवता सगळ्यात वर ठेवायचं.

अंगालगतचा थर सुती नको. सुती कापड पाणी पितं आणि सोडत नाही. पॉलिएस्टर जवळजवळ पाणी पीतच नाही, लवकर वाळतं, पण दुसऱ्या दिवशी त्याच्या वासाने सोबतचे लांब चालू लागतात. मेरिनो लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ओलावा पोटात घेऊनही ओली लागत नाही आणि वासही धरत नाही. मात्र ती हळू वाळते, सॅकच्या पट्ट्यांखाली लवकर विरते. एक दिवसाच्या घामट चढाईला पॉलिएस्टर, तीन-चार दिवसांच्या थंड मुक्कामाला मेरिनो, असं माझं सरळ गणित आहे.

त्यावर एक पातळ विंडचीटर. शंभर-दीडशे ग्रॅमचं, बिनअस्तराचं, मुठीत मावणारं. सगळ्या सामानात वजनाच्या मानाने सर्वांत जास्त काम हेच करतं, आणि दुकानात लोक सर्वांत कमी वेळ यालाच देतात. धारेवर चढवायचं, आडोशाला काढायचं. दिवसातून वीस वेळा हे केलं तरी हरकत नाही.

पावसाळी जाकीट "गळतं" म्हणजे काय होतं

या एका वस्तूवरून जितका गैरसमज आहे तितका कशावरूनच नसेल, म्हणून थोडं खोलात जातो.

१९६९ साली बॉब गोर यांनी तापवलेली पीटीएफईची (म्हणजे टेफ्लॉनची) दांडी हळूहळू ताणण्याऐवजी एकदम हिसका देऊन ओढली. ती तुटली नाही, कित्येक पट लांबली आणि तिच्यात सूक्ष्म छिद्रांची जाळी तयार झाली. त्यातून पुढे गोर-टेक्स आलं. पाण्याचा थेंब त्या छिद्रांतून जाऊ शकत नाही, वाफ जाऊ शकते. पण वाफ आपणहून बाहेर पळत नाही. आत उबदार-दमट आणि बाहेर गार-कोरडं असा फरक असेल तरच ती बाहेर ढकलली जाते. कोमट पावसात, धुक्यात, शंभर टक्के आर्द्रतेत तो फरकच उरत नाही. मग जगातलं सर्वोत्तम जाकीटही आतून ओलं होतं आणि माणूस म्हणतो, "गळतंय." गळत नसतं, तो आपलाच घाम असतो.

दुसरं कारण बाहेरच्या कापडावरच्या लेपाचं. नव्या जाकिटावर पाण्याचे मणी होऊन घरंगळतात ना, ते त्या लेपामुळे. घाम, अंगाचं तेल, धूळ, सॅकच्या पट्ट्यांचं घासणं यांनी तो निकामी होतो. मग खांद्यांवर आणि बाह्यांवर कापड गडद दिसू लागतं. याचा अर्थ बाहेरच्या कापडाने पाणी शोषलंय. आतलं पातळ आवरण अजूनही पाणी अडवतंय, पण बाहेर पाण्याची चादर बसल्यामुळे वाफेची वाट बंद झाली आणि कापडही गार पडलं, म्हणून आत दव धरतं. हल्लीचे फ्लोरिनविरहित लेप तेलाला लवकर बळी पडतात, त्यामुळे ही जाकिटं जुन्यांपेक्षा जास्त वेळा धुवावी लागतात. "धुतलं की खराब होतं" ही समजूत नेमकी उलटी आहे.

धुण्याची रीत अशी. खिसे रिकामे, सगळ्या चेन बंद, दोऱ्या सैल. यंत्राचा साबणाचा कप्पा आधी नुसत्या पाण्याने साफ करा, कारण तिथे राहिलेली नेहमीची पावडर आणि फॅब्रिक सॉफ्टनर हेच लेपाचे शत्रू. अशा कपड्यांसाठी मिळणारा द्रव साबण घालून ३० अंशांवर हळू फेरी, दोनदा खळबळणं, पिळणं नाही. मग लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरमध्ये कमी उष्णतेवर वीसेक मिनिटं. ड्रायर नसेल तर वर सुती कापड ठेवून मंद, बिनवाफेची इस्त्री. ही उष्णता महत्त्वाची आहे, तिने लेप पुन्हा जागा होतो. नंतर बाहीवर चमचाभर पाणी टाका. मणी झाले तर काम झालं. पसरलं तर नवा लेप फवारायचा, तोही धुतल्यानंतरच, आणि पुन्हा उष्णता द्यायची. मळक्या कापडावर फवारा मारणं म्हणजे धुळीला रंग देण्यासारखं.

जाकीट घेताना कापड किती उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब अडवतं, १०,००० की २०,००० मिलिमीटर, यावर लोक तासन्‌तास घालवतात. मी त्याआधी काखेतली चेन बघतो. दमट हवेत ती उघडी ठेवली की जेवढी वाफ जाते तेवढी कुठल्याही कापडातून जात नाही. त्यानंतर टोपी: डोकं डावीकडे वळवल्यावर टोपीही वळली पाहिजे, नाहीतर निसरड्या वाटेवर एका डोळ्याने चालावं लागतं.

आणि उबदार हवेतला मुसळधार पाऊस असेल तर भिजणं मान्य करून टाकावं. चालताना भिजलं तरी अंग तापलेलं असतं. जपायचं ते वेगळंच: मुक्कामाला अंगात घालायचा एक पूर्ण कोरडा जोड. मोज्यांसकट. तो हवाबंद पिशवीत, आणि काहीही झालं तरी चालताना घालायचा नाही. सकाळी पुन्हा ओलेच कपडे चढवायचे. पहिली दोन मिनिटं जीव नकोसा होतो, मग सवय होते. कोरडा जोड सकाळी अंगात घातलेला माणूस संध्याकाळी दोन ओल्या जोडांचा मालक असतो.

सॅकवरच्या रेनकव्हरवर फार विसंबू नका. ते पाठीच्या बाजूने उघडं असतं, मानेवरून ओघळणारं पाणी थेट आत जातं, आणि वाऱ्यात ते शिडासारखं फुगून उडतं. जाड प्लास्टिकची मोठी पिशवी सॅकच्या आत घालून तिच्यात सामान भरायचं, तोंडाला पीळ देऊन दुमडायचं. कव्हर हवं तर चिखल लागू नये म्हणून.

पाय

पावसाळ्यात वॉटरप्रूफ बूट हा बहुतेक वेळा तोटाच. ओढा ओलांडताना पाणी वरून आत शिरतं आणि जसं बाहेरून आत येत नाही तसं आतून बाहेरही जात नाही. दिवसभर पाय डबक्यात. पाऊस आणि ओढे यांच्या दिवसांत जाळीदार, झरझर निथळणारे बूट आणि पातळ लोकरी मोजे बरे. गार हवेत, बर्फात किंवा पहाटेच्या दवात मात्र वॉटरप्रूफ बूट आणि वर गेटर (नडगीवर बांधायचं कव्हर) हवेतच.

माप संध्याकाळी घ्या, पाय दिवसभरात सुजतात. आतली गादी काढून तिच्यावर उभं राहा: सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. ही जागा चढावर जाणवत नाही, उतारावर जाणवते. नखं काळी पडतात ती उतरताना, पाय पुढे सरकून बोटं टोकाला आपटल्यामुळे. उतरण्याआधी घोट्याच्या वळणावर लेसेला एकाऐवजी दोन पीळ द्यायचे, म्हणजे खालची लेस सैल राहूनही वरची घट्ट आवळता येते आणि टाच जागच्या जागी बसते. कुठे चरचरल्यासारखं झालं की त्याच क्षणी थांबून चिकटपट्टी. फोड आल्यावर लावलेली पट्टी फोडाला कळतही नाही.

ओले बूट शेकोटीजवळ ठेवू नयेत. सोलचा गोंद सैल होतो, चामडं तडकतं. गादी काढायची, वर्तमानपत्राचे बोळे भरायचे, तासा-दोन तासांनी बदलायचे.

बर्फाच्या वाटांसाठी एकच सांगतो, कारण चूक इथेच होते. क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे धातूचे दात, बुटाच्या ताठपणाशी जुळलेच पाहिजेत. बूट बी१, बी२, बी३ आणि क्रॅम्पॉन सी१, सी२, सी३ अशा श्रेणी यासाठीच आहेत. बी१ बुटाला सी३ क्रॅम्पॉन लावला तर बूट वाकतो, क्रॅम्पॉन वाकत नाही, आणि तो नेमका तीव्र उतारावर निसटतो. खाली बर्फ न चिकटू देणारी पट्टीही हवी. ओल्या बर्फाचा गोळा तळाशी जमला की दातांचा उपयोग शून्य. सपाट, गोठलेल्या पायवाटेला साखळीवाले मायक्रोस्पाइक पुरतात. तीव्र उतारावर त्यांच्या भरवशावर जाऊ नये.

रात्र

थंडीत झोप न लागण्याचं खापर स्लीपिंग बॅगवर फुटतं, दोष बऱ्याचदा खालच्या मॅटचा असतो. अंगाच्या भाराने बॅगेची खालची बाजू चेपून जाते, तिच्यात हवाच उरत नाही, म्हणजे जमिनीपासून वाचवणारी एकटी मॅट. तिची आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता अडवण्याची ताकद, बघा: उबदार रात्रींना २ पुरते, गार ऋतूंना ४ च्या आसपास, बर्फावर ५ च्या वर. दोन मॅट एकावर एक टाकल्या की त्यांची बेरीज होते. साधी फोमची २ आणि हवेची ३.५ मिळून ५.५. फोम खाली, हवेची वर. काट्यापासूनही बचाव होतो.

बॅगेवर आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे तापमानाचे तीन आकडे असतात. पहिला, म्हणजे कम्फर्ट, तोच खरेदीचा. लिमिट म्हणजे अंग आखडून कशीबशी काढलेली रात्र. एक्स्ट्रीम म्हणजे जिवंत राहण्याशी संबंध, झोपेशी नाही. जाहिरातीत तोच मोठ्या अक्षरात असेल तर दुकानदाराला पहिला आकडा विचारा.

आता पाणी. स्वच्छ आभाळाच्या, वारा पडलेल्या रात्री तंबू आतून ओला होतो, आणि सगळे समजतात कापड गळतंय. झोपलेल्या माणसाच्या श्वास-घामातून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं, ते थंड कापडावर जमतं. तंबू ओढ्याच्या काठाला किंवा खोलगट जागी लावू नका. गार, दमट हवा तिथेच साचते. दहा-वीस मीटर वर, शक्यतो झाडाखाली दव बरंच कमी असतं. दोन्ही बाजूंचे झरोके उघडे ठेवा, थंडी वाजली तरी. ओले कपडे आत वाळत घालू नका. तोंड बॅगेत खुपसून झोपायचा मोह सर्वांनाच होतो, पण श्वासातली वाफ पिसांत जाऊन बसते, पिसं गोळा होतात आणि तिसऱ्या-चौथ्या रात्री बॅग निम्मी पातळ झालेली असते. नाक बाहेर, कानटोपी डोक्यावर. दुपारच्या मुक्कामात ऊन मिळालं की बॅग उलटी करून अर्धा तास पसरायची.

पाणी गोठतं तेव्हा

बर्फ वरून धरतो, म्हणून बाटली उलटी ठेवायची; सकाळी झाकण उघडतं. नळीची पिशवी हिवाळ्यात घरी ठेवा, नळी सर्वांत आधी गोठते. पोकळ तंतूंचा वॉटर फिल्टर एकदा वापरल्यावर गोठला तर आतले तंतू तडकतात. बाहेरून काहीच दिसत नाही, पाणी नेहमीसारखंच येतं, फक्त गाळलं जात नाही. रात्री तो स्लीपिंग बॅगेत, दिवसा आतल्या खिशात. गोठल्याची नुसती शंका आली तरी टाकून द्यावा.

गॅसच्या डब्याची गंमत अशी. ब्युटेन उणे ०.५ अंशाला उकळतो, आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपास, प्रोपेन उणे ४२ ला. मिश्रणातला प्रोपेन आधी उडून जातो. म्हणून डबा नवा असताना थंडीतही फुरफुरतो आणि अर्धा झाल्यावर हलवून बघितलं तर गॅस आहे, पण ज्योत मरते. रात्री डबा बॅगेत घ्या. स्वयंपाकाच्या वेळी कोमट पाण्याच्या वाटीत दोन बोटं बुडेल इतका उभा करा. डब्यावर बसणाऱ्या शेगडीला चहूबाजूंनी वारारोधक पत्रा लावू नका, डबा तापून फुटू शकतो. आणि बंद तंबूत शेगडी नाही म्हणजे नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बर्फ वितळवताना भांड्याच्या तळाशी आधी घोटभर पाणी हवं, नाहीतर तळ करपतो आणि पाण्याला जळका वास लागतो. भुसभुशीत ताज्या बर्फाच्या दहा भांड्यांतून जेमतेम एक भांडं पाणी निघतं, तेव्हा इंधनाचा हिशोब त्याप्रमाणे.

३० ते ४५ अंशांचे बर्फाचे उतार हिमस्खलनाचे. तिथे ४५७ किलोहर्ट्‌झचा ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब सळई) आणि फावडं तिन्ही प्रत्येकाकडे हवीत. एक जरी कमी असलं तरी बाकीच्या दोघांचा उपयोग नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटंच निर्णायक असतात आणि फावड्याशिवाय तेवढ्यात घट्ट बसलेला बर्फ उकरला जात नाही. बर्फ वितळण्याच्या दिवसांत पहाटे निघून दुपारच्या आत परतायचं. सकाळी टणक असलेला उतार दुपारी गुळगुळीत चिखल होतो, आणि सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा संध्याकाळी मांडीपर्यंत येतो.

उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो, पाणी अंगातून जातं आणि बाहेर मिळत नाही. चढावर तासाला अर्धा ते एक लिटर धरा आणि मीठ विसरू नका. दर हजार मीटरला अतिनील किरणं सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. ताजा बर्फ ती ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणून हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आतही मलम. दुपारी ढग गडगडू लागले तर वीज चमकल्यापासून आवाजापर्यंतचे सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आलं की धार सोडून खाली.

परतल्यावर

तंबू ओला गुंडाळून ठेवला की पॉलियुरेथेनचा लेप ओलाव्याने विघटित होतो. पुढच्या वेळी उघडताना तो चिकट लागतो, आंबूस वास येतो. त्यावर इलाज नाही. पिसांची बॅग दाबाच्या पिशवीतून काढून मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा. चालायच्या काठ्यांचे भाग सुटे करून आतून वाळवा. तेल घालू नका, लॉक घसरतात.

आणि बूट. सोल आणि वरचा भाग यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा थर असतो, तोही हवेतल्या ओलाव्याने वर्षानुवर्षं आतून कुजतो. न वापरताही. किंबहुना कपाटात बंद पडलेल्या बुटांचा जास्त. वरून चकचकीत दिसतात आणि दहा-बारा किलोमीटरवर अख्खा सोल पोळीसारखा गळून पडतो. हंगामाच्या महिनाभर आधी बूट काढा, मधल्या थरात अंगठ्याचं नख रुतवून बघा, हाताने बूट चांगला वाकवा. नखाखाली भुगा निघाला, बारीक भेगा दिसल्या किंवा थर चिकट लागला, तर ते बूट बागेत घालायला ठेवा. सोबत मात्र चार मीटर मजबूत चिकटपट्टी असू द्या, काठीच्या दांड्याला गुंडाळून. कुणाचा ना कुणाचा सोल सुटतोच.